फुलीवरचा पहारेकरी

८ जानेवारी

भाऊजी,

माझं अक्षर बघून दचकू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोन सोडून कागद काळे करायला बसले, कारण विचारायचं आहे ते तुमच्या दादांच्या कानावर जायला नको. आमच्या घरात फोन कुठल्याही खोलीतून करा, स्वयंपाकघरात ऐकू येतोच. शिवाय तुम्ही कॅमेऱ्याबद्दल बोलायला लागलात की समोरचा माणूस आहे की उठून गेला, याचंही भान तुम्हाला राहत नाही. तेव्हा उत्तर लिहूनच द्या, आणि माझ्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर.

तुमच्या दादांच्या नाटकमंडळाचं यंदाचं नाटक मार्चमध्ये आहे. हे त्यात आहेतच. कधी नव्हते? आजवर यांनी झाड केलं, प्रेत केलं, एकदा घोड्याची मागची बाजू केली. तोंडातून एक शब्द नाही, आणि उभं राहायचं ते सगळ्यात मागे, अंधारात. तरी संध्याकाळ झाली की जेवणसुद्धा अर्धं टाकून तालमीला पळतात. यंदा बढती मिळाली आहे, पहारेकरी झालेत. भाला घेऊन दाराशी उभे. जमिनीवर पांढऱ्या पट्टीची फुली मारून दिली आहे. तिच्यावर जे उभे राहतात, ते पडदा पडेपर्यंत.

दर वर्षी नाटकाचे फोटो दारातल्या फळ्यावर लागतात आणि दर वर्षी हे त्यात नसतात. म्हणजे असतात, पण मी बोट ठेवून "हे बघा, हे आमचे" म्हटल्यावर. लोक मान डोलावतात. आमच्या दुकानात शेवटची ओळ दिसत नसताना "दिसते, दिसते" म्हणतात ना, तशी.

मला यांचा एकच फोटो हवा आहे. स्टेजवरचा, स्पष्ट. बैठकीच्या खोलीत लावीन आणि मग बोट ठेवावं लागणार नाही. तुम्ही दिलेला जुना कॅमेरा घेऊन मी तालमीला बसते, "सगळ्यांचे फोटो काढते" असं सांगून. पण तो मेला अंधार बघितला की घुं घुं करतो आणि हात टेकतो. फ्लॅशला बंदी आहे. दिग्दर्शिका म्हणजे मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. सगळे त्यांना मागे "तोफ" म्हणतात, पुढे कोणी काही म्हणत नाही. त्यांचं म्हणणं, राजवाड्यातली रात्र आहे, काळोख हवाच. माझ्या मते त्यांच्याकडे दिवेच कमी आहेत.

काहीतरी सांगा. जाऊबाईंना माझा नमस्कार, आणि हे त्यांनाही सांगू नका.

तुमची वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

गिऱ्हाईक समोर उभं असताना तुमचं पत्र वाचलं. गिऱ्हाईक दोनदा खाकरलं. शेवटी मी त्याला घोड्याच्या मागच्या बाजूचं सांगितलं, तेव्हा तेही हसलं आणि पासपोर्टच्या फोटोतही तसंच हसत बसलं. पुन्हा काढावा लागला.

कॅमेऱ्याला मेला म्हणू नका. नाचता येईना अंगण वाकडं! अंधारात त्याला धरायला काही सापडत नाही, म्हणून तो चाचपडतो. त्याच्या हातातून काम काढून घ्या. लेन्सच्या कडेला एक बारीक खटका आहे, तो हाताच्या फोकसवर करा. आपला हात जगन्नाथ.

आता वरच्या भोकाला डोळा लावायचा नाही. अंधारात त्यातून मलाही काही दिसत नाही, आणि माझे डोळे तुम्हीच तपासलेत. मागच्या पडद्यावर थेट चित्र चालू करा, आम्ही दुकानात त्याला लाइव्ह व्ह्यू म्हणतो. समोर जे आहे ते फोटो काढायच्या आधीच तिथे दिसतं, आणि डोळ्यांना दिसतं त्याहून उजळ दिसतं. मग भिंगाचं चित्र असलेलं बटण दाबा. मधला तुकडा मोठा होईल. पुन्हा दाबा, आणखी मोठा. चित्रात मुंग्या धावल्यासारख्या वाटतील, घाबरू नका, अंधार असला की तसं होतं.

मग लेन्सची रिंग हळूहळू फिरवा. इथून पुढे मी तुम्हाला काय शिकवणार? दिवसभर तुम्ही लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलता आणि विचारता, "ही बरी की आधीची?" तेच स्वतःला विचारा. स्पष्ट झालं म्हणून थांबू नका. पुढे जा, थोडं बिघडू द्या, मग मागे या. बिघडल्याशिवाय चांगलं नेमकं कुठे होतं ते कळत नाही.

कॅमेरा स्टँडवर ठेवा. बटण दाबताना तो हलतो, म्हणून सोबत दिलेली वायर लावा आणि तिच्या टोकाचं बटण दाबा. पडद्याचा उजेड तोफेच्या डोळ्यांत गेला तर तुमची धडगत नाही, तेव्हा डोक्यावरून शाल घ्या. आमचे गुरुजी काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढायचे. तुम्ही आता त्यांच्या घराण्यातल्या.

दादा जागचा हलत नाही हे तुमच्या पथ्यावरच पडणार आहे. असा माणूस समोर मिळावा म्हणून आम्ही लग्नाच्या हॉलमध्ये जीव टाकतो.

तुमचा,
फोटोवाला


२३ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र चष्म्याने नव्हे, भिंगाने वाचलं. अक्षर जरा मोठं काढत जा.

सगळं तुम्ही लिहिलंत तसंच केलं. खटका, पडदा, बटण, रिंग. शाल घेऊन आत शिरले आणि भाऊजी, काय सांगू, आत निराळंच जग! बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही आणि आत सगळं लख्ख. मी तास-दीड तास आतच होते. हॉलचा झाडूवाला माझ्यासाठी पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, डोकं दुखतंय. प्रधान झालेले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "माझी वाक्यं ऐकून वहिनींनी तोंड लपवलं असेल." त्यात थोडं तथ्य आहे. त्यांना शेवटचं वाक्य एकदाही धड आलेलं नाही.

सोबत कार्ड पाठवते आहे. मला तर फार छान आलेत असं वाटतंय. तुमच्या मोठ्या स्क्रीनवर बघून कळवा.

तुमची वहिनी, घराण्यातली


३१ जानेवारी

वहिनी,

कार्ड बघितलं. खुर्चीत नीट बसून बघितलं.

तुमच्या राजाचा डावा कान मी आता हजार कानांतून ओळखीन. त्याच्यावरचे केस मोजता येतात. राजा म्हणजे तुमच्याकडचे ते दातांचे डॉक्टरच ना? त्यांना सांगा, कानाकडेही लक्ष द्या. दादा मात्र प्रत्येक फोटोत धुक्यात उभा आहे.

काय झालं ते सांगतो. भिंगाचं बटण दाबलं की मधला तुकडा मोठा होतो, आणि तुमच्या मधोमध डॉक्टरांचा कान होता. आधी बाण दाबून तो चौकोन सरकवायचा, दादाच्या तोंडावर न्यायचा, मग मोठं करायचं. चूक माझी, ही एक ओळ लिहायची राहिली. शाई सांडली होती, पत्र पुन्हा उतरवताना सुटली.

आणि सरळ गालावर फोकस लावायला जाऊ नका. अंधारात गाल म्हणजे नुसता गोळा. कड बघा. शिरस्त्राणाची किनार, भाल्याचं टोक. मिशी चिकटवली आहे का त्याला? मग मिशीच उत्तम. केस न केस सुटा दिसला की रिंग सोडा.

तुमची लेन्स मोठ्या तोंडाची आहे. अंधारात ती कामाची, पण नखरेल. वीतभर पुढचं-मागचं तिला खपत नाही. डॉक्टर स्पष्ट हवे असतील तर दादा नाही, आणि दादा हवा असेल तर डॉक्टर नाहीत. तेव्हा कोण हवं ते ठरवून घ्या.

फोटोवाला


९ फेब्रुवारी

भाऊजी,

मिशी सापडली. केस न केस सुटा. मिशीखालचे ओठही सापडले.

ते हलत होते.

मला वाटलं, मुंग्या. रिंग पुढे नेली, मागे आणली, तुमचं ते सगळं केलं. ओठ हलतच होते. तुमचे दादा, जे घरी "मीठ दे" एवढं म्हणतानाही मध्ये श्वास घेतात, ते भाला धरून अंधारात सारखे काहीतरी पुटपुटत होते. आणि त्यांच्या पुढ्यात कोण उभं असतं? राणी. औषधाच्या दुकानातली बाई! तिची पाठ यांच्याकडे आणि यांचं तोंड तिच्या मानेशी.

घरी आल्यावर मी विचारलं, "आज तालमीत काही बोलणं झालं का कोणाशी?" तर म्हणाले, "मी? मी कशाला बोलू?"

एक माणूस आपल्या बायकोशी आयुष्यभर दोन-दोन शब्दांत बोलतो, आणि औषधवालीशी पाऊण तास बोलतो. तुम्ही त्यांचे भाऊ आहात. याचा अर्थ काय ते मला कळवा. नाहीतर तो कॅमेरा मी परत पाठवते, फोटो नकोत मला.

वहिनी


१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की तुमच्या जाऊबाई आतून धावत आल्या. त्यांना सांगितलं नाही, वचन पाळलंय. हसल्याबद्दल रागावू नका. दादा आणि औषधवाली! अहो, तो सर्दीचं औषध आणायलाही तुम्हाला पाठवतो, कारण तिथे जाऊन औषधाचं नाव घ्यावं लागतं.

मला एक शंका आली आहे. ती आत्ता लिहीत नाही. एकदा डोक्यात भरवून दिलं की मग तेच दिसतं. तुमच्याकडेही आधी गिऱ्हाइकाला अक्षर सांगून मग "वाचा" म्हणत नाहीत ना?

एवढंच करा. तोफेकडून नाटकाची एक प्रत मागून घ्या. शालीत शिरा, दादाच्या मिशीवर फोकस लावा आणि एक डोळा पडद्यावर, एक प्रतीवर ठेवा. दादाचे ओठ कधी सुरू होतात आणि कधी थांबतात तेवढं बघा. राणी गप्प असते तेव्हा ते हलतात का, हेही बघा.

कॅमेरा परत पाठवू नका, टपालखर्च फार येतो.

फोटोवाला


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

औषधवालीची मी मनातल्या मनात माफी मागितली. प्रत्यक्षात जाऊन तिच्याकडून उगाच खोकल्याचं औषध विकत घेतलं.

आता ऐका. तुम्ही सांगितलंत तशी प्रत घेऊन बसले. राजा बोलतो, यांचे ओठ हलतात. राणी बोलते, यांचे ओठ हलतात. प्रधान बोलतो, दासी बोलते, ओठ हलतातच. सगळे गप्प झाले की हे गप्प. भाऊजी, यांना अख्खं नाटक पाठ आहे! नुसतं पाठ नाही. राजा चिडला की यांच्या भुवया चढतात. राणी "मला सोन्याची खिडकी नको, उघडी खिडकी हवी" म्हणते तेव्हा यांचे डोळे भरून आलेले मी दसपट मोठे बघितले. कोणालाही न दिसणाऱ्या अंधारात हा माणूस सगळं नाटक एकटा करत होता. झाड असतानाही असाच करत असेल. घोड्याच्या पोटातसुद्धा.

नाटक काय आहे ते तुम्हाला सांगितलं नाही. राजाला वाटतं, आपल्याला महालात कोंडलंय. रात्रभर सगळे दार कसं फोडायचं यावर वाद घालतात. शेवटी प्रधान म्हणतो, "दार उघडंच होतं, महाराज. कोणी ढकलूनच पाहिलं नाही." तर काल पोस्टमास्तर प्रधान तिथे अडकले. तोफ डाफरली, "म्हणा पुढे!" आणि पडद्यावर मी बघते, तर यांनी ते वाक्य आवाज न करता पूर्ण म्हटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, जणू पोस्टमास्तरांना पाठीमागून ढकलतायत. शेवटी पोस्टमास्तर म्हणाले, "दार बंदच होतं, महाराज." सगळे हसले. हे नाही हसले.

मी शालीत रडले. झाडूवाल्याने पुन्हा पाणी आणलं.

मी कोणाला सांगणार नाही. त्यांनी इतकी वर्षं जपलेलं आहे, ते मी चोरून पाहिलं एवढंच पुरे झालं. तुमची शंका काय होती ते मात्र मला हवं.

कार्ड पाठवते आहे. दोन पाकिटं करा. एकात राजा, राणी, प्रधान यांचे चांगले फोटो, ते थेट मंडळाच्या पत्त्यावर जाऊ द्यात, पुढच्या आठवड्यात फळा लागतो. दुसऱ्यात फक्त यांचे, ओठ हलतानाचे, ते माझ्या दुकानात. अदलाबदल करू नका.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

फोटो बघितले. रात्री दुकान बंद केलं तरी तिथेच बसून राहिलो.

शंका अशी होती. आम्ही शाळेत असताना नाटक बसत होतं. दादाने एक भूमिका मागितली, एकाच वाक्याची. त्याने मागितली म्हणजे काय, ते तुम्हाला कळेल. निवडीच्या दिवशी मास्तरांनी आधी नाव विचारलं. तो स्वतःच्या नावावरच अडकला. पहिल्या अक्षरावर. मुलं हसली. मास्तर वाईट नव्हते, पण घाईत होते. म्हणाले, "बरं, तू झाड हो."

त्या रात्री एका पांघरुणात आम्ही दोघे. त्याने मला ते सगळं नाटक म्हणून दाखवलं, सगळ्यांच्या आवाजात. एकदाही अडला नाही. मी लहान होतो, मला वाटलं ही जादू आहे. नंतर लक्षात आलं, दुसऱ्याचं बोलणं त्याला कधीच अडत नाही. अडतं ते स्वतःचं. पण त्यानंतर त्याने कोणाकडे काही मागितलं नाही आणि जे झाड मिळालं ते धरून बसला.

दोन्ही पाकिटं आजच टपालात टाकली.

तुमचा भाऊजी


४ मार्च

भाऊजी,

काय करून ठेवलंत हे!

दुकानात पाकीट उघडलं तर आत राजाचा कान. गिऱ्हाइकाला अर्ध्या नंबरावर सोडून मी हॉलकडे धावले. तोवर मंडळींनी पाकीट फोडून फोटो फळ्यावर लावूनही टाकले होते. एका ओळीत तुमचे दादा. उघड्या तोंडाचे, मिटल्या ओठांचे, भुवया चढलेले, डोळे भरलेले. डॉक्टर हसत होते, "हा काय गातो का काय मागे?" पोस्टमास्तरही हसले. आणि तेवढ्यात हे आले.

फळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. भाला कोपऱ्यात ठेवला आणि घरी निघून गेले.

घरी आल्यावर म्हणाले, "आता नाही जाणार." मी खूप बोलले. चूक झाली म्हटलं, फोटो उतरवून आणते म्हटलं. ते म्हणाले, "हसले ना." एवढंच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाहेर जायची वेळ झाली तशी उठले, चपलेपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. भाऊजी, ते मला बघवलं नाही. या माणसाचं सगळ्या दिवसात एवढंच एक होतं आणि ते मी घालवलं.

इथवर लिहून पत्र थांबवलं होतं. पुढचं आज लिहिते.

काल तोफ घरी आली. चहा नको म्हणाली. स्वयंपाकघरात हे भाजी निवडत होते, तिथेच यांच्यासमोर बसली आणि पिशवीतून ते फोटो काढून टेबलावर मांडले. म्हणाली, "मी जन्मभर मुलींना मोठ्याने वाचायला शिकवलंय. ओठ बघून मला कळतं कोण काय वाचतंय ते. हे राजाचं पहिलं भाषण. हे राणीचं. आणि हे," शेवटच्या फोटोवर बोट ठेवून, "हे ज्याचं वाक्य आहे, त्याला ते येत नाही. म्हणा."

यांनी आणखी एक काडी निवडली.

"मी पोस्टमास्तर आहे असं समजू नका. मी राजा आहे. म्हणा."

यांनी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, "दार उघडंच होतं, महाराज. कोणी ढकलूनच पाहिलं नाही." एका दमात. मी ओट्याशी उभी होते. भाऊजी, इतक्या वर्षांत यांचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

तोफ म्हणाली, "रात्रभर दाराशी उभा कोण असतो? पहारेकरी. मग दार उघडं आहे हे प्रधानाला कसं माहीत? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. हे वाक्य तुमचं. पोस्टमास्तरांना विचारलंय, ते सुटलो म्हणाले. आणि हसणाऱ्यांना मी सरळ केलंय."

ती गेली. हे अजून हो म्हणालेले नाहीत. नाहीही म्हणालेले नाहीत. भाजी मात्र पुन्हा पुन्हा तीच निवडतायत.

वहिनी

ता. क. अदलाबदल करू नका असं मी स्पष्ट लिहिलं होतं.


८ मार्च

वहिनी,

माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाचं पाकीट बदललेलं नाही. या विषयावर मी एवढंच बोलतो.

दादाला काही विचारू नका. "जाताय का?" असंही नको. त्याला ढकललं की तो अडतो. तुम्ही तुमचा कॅमेरा घेऊन नेहमीसारख्या निघा, तो मागून येईल. नाही आला तर मी येतो आणि दोघे मिळून भाजी निवडतो.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या क्षणी रिंग फिरवत बसू नका, हात कापतील. पडदा उघडायच्या आधी स्टेजवर त्या फुलीवर झाडूवाल्याला उभं करा, बॅटरी मारा, मोठं करून फोकस लावा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. मग हात लावायचा नाही. दादा त्या फुलीवरून हलणार नाही. वाक्य आलं की वायरचं बटण दाबा, बस.

तुमचा,
फोटोवाला


१७ मार्च

भाऊजी,

आले! मी निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले, मागे वळून बघितलं नाही. हॉलच्या पायरीवर बाजूला यांच्या चपला वाजल्या. तेव्हापासून एकही तालीम चुकवली नाही.

काल प्रयोग झाला. तुम्ही सांगितलंत ते सगळं केलं. फुलीवर झाडूवाला, बॅटरी, चिकटपट्टी. झाडूवाला इतका ताठ उभा राहिला की तोफ म्हणाली, पुढच्या वर्षी याला घ्या. हॉल भरलेला होता. मी शेवटच्या रांगेमागे शालीत.

शेवटचा प्रसंग आला. राजा दमून सिंहासनावर बसला. सगळे गप्प झाले. आणि गप्पच राहिले. भाऊजी, ती शांतता इतकी लांबली की मला वाटलं, अडले. पहिल्या अक्षरावर अडले. शाळेतल्यासारखे. इतके दिवस मी या माणसाला दसपट मोठा करून बघितलं आणि त्या क्षणी मी घट्ट डोळे मिटून घेतले. बटण मात्र हातात होतं.

मग आवाज आला. स्वयंपाकघरातलाच, पण मोठा, शेवटच्या रांगेपर्यंत. "दार उघडंच होतं, महाराज. कोणी ढकलूनच पाहिलं नाही." मी बटण दाबलं. पडदा पडला आणि टाळ्या अशा पडल्या की झाडूवाला पाणी घेऊन येताना थबकला. डॉक्टरांनी यांना मिठी मारली, मिशी डॉक्टरांच्या दाढीला चिकटून आली.

फोटो तेवढा बिघडला. एवढं शिकवलंत, एवढी उठाठेव केलीत, आणि ज्याच्यासाठी सगळं केलं तो एकच फोटो मी घालवला. डोळे मिटले त्याची शिक्षा. कार्ड पाठवते आहे, बघून हसा.

तुमची वहिनी


२२ मार्च

वहिनी आणि दादा,

आता चोरी उरली नाही, म्हणून घरच्या पत्त्यावर आणि दोघांना लिहितो. दादा, अभिनंदन. जाऊबाईंना शेवटी सगळं सांगितलं. आधी का सांगितलं नाही म्हणून त्या माझ्याशी बोलत नाहीयेत, त्यामुळे दुकानात भरपूर काम होतंय.

वहिनी, फोटो बघितला. मागची विटांची भिंत अशी आली आहे की विटेवरचा ओरखडा दिसावा. दाराची कडी लख्ख. आणि दादा तेवढा विरघळलेला! तोंड उघडं आहे, एवढंच कळतं. भिंत स्पष्ट आणि माणूस धूसर, म्हणजे फोकस मागे सरकला. खरं सांगा, चिकटपट्टी लावली होती का? का ऐन वेळी रिंगला हात लागला? मी ओरडणार नाही, फक्त कळलं पाहिजे. एवढे महिने शिकवून शेवटी भिंतीचा फोटो निघाला, तर माझ्याच शिकवण्यात काहीतरी राहिलंय.

तुमचा,
फोटोवाला


२६ मार्च

चिरंजीव धाकट्यास,

तुला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुझी वहिनी चार दिवस त्या फोटोपायी स्वतःला बोल लावते आहे, म्हणून लिहितो.

तिने रिंगला हात लावला नव्हता. चिकटपट्टी अजून तशीच आहे, मी बघितली. फोकस फुलीवरच होता आणि बरोबर होता.

मी पुढे आलो होतो.

तो फोटो मोठा करून पाठव, बैठकीच्या खोलीत तोच लावायचा आहे. आणि चालत्या माणसावर फोकस कसा धरायचा ते तिला सविस्तर लिहून कळव. लागेल.

दादा